डॉक्टर मोघ्यांचं मागचं दार

डॉ. पुष्कर मोघे यांच्या दवाखान्यात पेशंट येत नव्हते असं कुणी म्हणू नये. ते येत होते. पार दारापर्यंत येत होते आणि तिथून पेढे घेऊन परत जात होते.

हे जरा नीट सांगायला हवं. साताऱ्यात राजपथावरून आत वळलं की एका दुमजली इमारतीच्या तळाला दोन गाळे आहेत. एकात मधुशेठांचं कंदी पेढ्यांचं दुकान आणि त्याला चिकटून डॉक्टरांचा दवाखाना. दवाखान्यावर स्वच्छ अक्षरात पाटी होती : 'पुरुषांचे लैंगिक आरोग्य व वंध्यत्व तज्ज्ञ'. लपवाछपवी नाही, 'गुप्त' वगैरे शब्द नाहीत. डॉक्टरांना या पाटीचा अभिमान होता. पण माणूस कोपऱ्यावरून ठाम पावलं टाकत यायचा, पाटी वाचायचा, समोरच्या रिक्षावाल्यांकडे बघायचा आणि शेवटच्या क्षणी त्याचे पाय आपोआप डावीकडे वळायचे. "पाव किलो द्या," असं तो मधुशेठांना म्हणायचा आणि पुडा हातात घेऊन, आपण याचसाठी आलो होतो अशा चेहऱ्यानं निघून जायचा. मधुशेठांच्या दुकानात दिवाळीखेरीज इतकी गर्दी कधी झाली नव्हती. त्यातली निम्मी माणसं मधुमेहाची होती हे डॉक्टरांना त्यांच्या चालण्यावरून कळायचं, आणि त्यांच्या जिवाची तगमग व्हायची.

डॉक्टरांनी हा विषय काही गंमत म्हणून निवडला नव्हता. मिरजेत शिकत असताना त्यांनी पाहिलं होतं की मूल होत नसलं की बाईच्या सतरा तपासण्या होतात आणि पुरुषाची एकही होत नाही. पन्नाशीच्या माणसांना साखरेनं पोखरलेलं असतं, पण त्याबद्दल बायकोशी बोलायची लाज वाटते म्हणून ते एसटी स्टँडशेजारच्या तंबूत जाऊन काळं चूर्ण घेतात. हे कुणीतरी बदलायला हवं असं त्यांना मनापासून वाटलं. त्यांच्या आईला, म्हणजे वाईच्या प्रमोदिनीबाईंना, ते कुणीतरी आपलाच मुलगा असावा असं वाटलं नाही. "डोळ्यांचं काही मिळालं नाही का रे?" एवढंच त्यांनी विचारलं, आणि नातेवाइकांत मुलगा हार्मोन्सचा डॉक्टर झाला असं कळवून टाकलं. हार्मोन्स म्हणजे काय हे कुणी विचारलं तर त्या चहा टाकायला आत जात.

गुरुवारी डॉक्टर सांगलीला एका मोठ्या रुग्णालयात जात. तिथं मात्र रांग असायची, कारण तिथं एका लांबलचक बोळकांडीत दात, कान, हाडं आणि हे, अशी सगळीच दारं शेजारी शेजारी होती. शिवाय सांगलीत येणारे पेशंट सगळे साताऱ्याचे असत. सांगलीची माणसं साताऱ्याला येत आणि पेढे घेऊन परत जात. दोन्ही जिल्ह्यांच्या पुरुषांनी आपली अब्रू वाचवण्यासाठी एसटीला चांगलंच उत्पन्न मिळवून दिलं होतं.

"मागच्या भिंतीला एक दार पाड की," असं एके संध्याकाळी त्यांची बायको अश्लेषा सहज म्हणाली. ती बँकेत होती आणि कुठलाही प्रश्न पाच मिनिटांत मिटवून पुढचा टोकन नंबर बोलवायची तिला सवय होती. "मागं बोळ आहे. रस्त्यावरून दिसायला नको की काही नको."

डॉक्टर त्या विचारानं इतके खूश झाले की रात्रभर त्यांना ते दार दिसत राहिलं. गवंड्याचं दोन दिवसांचं काम. त्यात अडचण अशी काय येणार होती.

पहिली अडचण मधुशेठ. त्यांना कोणी सल्ला विचारला नव्हता, पण गाळ्याला गाळा लागून असला की सल्ला द्यायचा अधिकार आपोआप येतो. "डॉक्टर, तुम्ही शिकलेले," ते पेढे वळता वळता म्हणाले, "पण मागचं दार म्हटलं की माणसाला वाटतं आत काहीतरी भानगड आहे. पुढचं दार कसं अब्रूचं असतं."

"पण पुढच्या दारानं कुणी येत नाही, मधुशेठ."

"येतील. हळूहळू धीर चेपतो माणसाचा. आज पेढे घेईल, उद्या आत येईल."

मधुशेठांच्या या सबुरीमागं काय आहे हे डॉक्टरांना कळत होतं, पण शेजारधर्म म्हणून मान डोलावून ते नगरपालिकेत गेले.

नगरपालिकेत बांधकाम विभागाच्या बाबूंनी अर्ज वाचला, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा वाचला.

"प्रयोजन?"

"पेशंटच्या सोयीसाठी."

"पुढं दार आहे ना?"

"आहे."

"मग त्यात गैरसोय काय?"

"ते रस्त्यावरून दिसतं."

"दारं दिसायलाच असतात साहेब," बाबू शांतपणे म्हणाले.

डॉक्टरांना नाइलाजानं आपला विषय सांगावा लागला. तो ऐकल्यावर बाबूंनी फाईल मिटली, शेजारच्या टेबलाकडे एक नजर टाकली आणि खुर्ची पुढं ओढली. "माझे एक मित्र आहेत," ते हलक्या आवाजात म्हणाले. डॉक्टरांना या मित्राची सवय होती. सातारा जिल्ह्यात मित्रांच्या प्रकृती फार बिघडलेल्या होत्या. त्यांनी त्या मित्राला रक्तातली साखर तपासायला, सिगारेट सोडायला आणि शक्य झाल्यास स्वतःच यायला सांगितलं. बाबूंच्या मनावरचं ओझं उतरलेलं दिसलं आणि त्या आनंदात त्यांनी डॉक्टरांसाठी वाट काढली. साधं दार मंजूर व्हायला फार कटकटी होत्या. पण आगीपासून बचावाच्या नियमात बसवून आपत्कालीन दार म्हणून अर्ज केला, तर ते काम लगेच होणार होतं.

"तेच दार, फक्त नाव वेगळं," बाबू म्हणाले. डॉक्टरांनी सही केली.

नाव वेगळं असलं की अटीही वेगळ्या असतात हे त्यांना मंजुरीचा कागद हातात आल्यावर कळलं. दार बाहेरच्या बाजूला उघडलं पाहिजे. त्याच्यावर ठळक अक्षरांत पाटी पाहिजे. पाटीच्या मागं हिरवा दिवा पाहिजे, तो दिवसरात्र चालू पाहिजे आणि लांबून दिसला पाहिजे. अशा रीतीनं, कुणाच्याही नजरेला न पडता आत शिरता यावं म्हणून पाडलेलं ते दार साताऱ्यातलं सगळ्यात झगमगीत दार झालं. बोळाच्या तोंडापासून ते एखाद्या पेट्रोल पंपासारखं दिसायचं.

त्यातून बोळ आणि दार यांच्यामध्ये एक अंगण होतं. ते विजयमालाकाकींचं. विजयमालाकाकी महिला बचत गटाच्या अध्यक्ष होत्या आणि त्या अंगणात गटाच्या बायका पापड, कुरडया, सांडगे वाळत घालत. डॉक्टर संमती मागायला गेले. काकींनी ऐकून घेतलं.

"म्हणजे बाप्येमाणसं येणार इथनं."

"हो."

"आजारी."

"आजारीच म्हणायचं, काकी."

"मग येऊ देत. फकस्त पापडावर पाय द्यायचा न्हाई."

इतकी समजूतदार बाई आपल्या मेडिकल कॉलेजच्या प्राध्यापकांतही नव्हती असं डॉक्टरांना वाटलं. काकींनी स्वतः अंगणात दोन्ही बाजूंनी सुतळी बांधून वाट आखून दिली आणि कुणी अडखळू नये म्हणून सुतळीला रंगीत चिंध्या लावल्या. देवळातल्या दर्शनाच्या रांगेसारखं ते दिसू लागलं.

उद्घाटनाच्या दिवशी डॉक्टरांनी आतून दाराला धक्का दिला. दार नियमाप्रमाणे बाहेर उघडलं आणि कुरडयांची अख्खी बाज उलटून त्या शेणानं सारवलेल्या अंगणावर पसरल्या. डॉक्टरांनी वाकून माफी मागितली आणि त्या सगळ्या कुरडया स्वतः विकत घेतल्या. मोघ्यांच्या घरी पुढं कित्येक दिवस भाजी, आमटी आणि नाश्ता यांत कुरडई होती. अश्लेषा फक्त वाढताना जरा जोरात वाढायची.

पण पेशंट आले. खरंच आले. सुरुवातीला एकटा-दुकटा, मग बोळात मोटरसायकली लागायला लागल्या. तोंडाला रुमाल बांधून, मफलर गुंडाळून, टोपी डोळ्यांवर ओढून माणसं यायची. बरेच जण हेल्मेट काढायचेच नाहीत. साताऱ्यात हेल्मेटसक्ती पोलिसांना इतकी वर्षं जमली नव्हती ती डॉक्टर मोघ्यांनी त्या बोळापुरती करून दाखवली. वाट बघायला अंगणात शेवग्याखाली एक बाक टाकलं होतं. त्यावर ही हेल्मेटं ओळीनं बसायची.

बायका फार सभ्य. पेशंट संकोचतात हे पाहून त्यांनी आपसांत ठरवलं की माणूस अंगणात आला की त्याच्याकडे बघायचं नाही, पाठ करायची. त्यामुळं व्हायचं असं की बोळातून कुणी आत पाऊल टाकलं की पोळपाट-लाटण्यांचा आवाज एकदम बंद पडायचा आणि सगळ्या जणी कवायतीसारख्या एका वेळी वळायच्या. पेशंटला तर आपल्यासाठी तोफांची सलामी झाल्यासारखं वाटायचं. त्यावर उपाय म्हणून तो घाईघाईनं म्हणायचा, "पापड हायत का?" मग एक जण पाठमोरीच उलट्या हातानं पुडा पुढं करायची.

बचत गटाचा माल पुरेना. मधुशेठांच्या दुकानात माशा हिंडू लागल्या. ते एकदा मागं येऊन सगळा देखावा बघून गेले आणि त्यानंतर डॉक्टरांशी फक्त मानेनं बोलायला लागले. दवाखान्यात काम करणारी क्रांती म्हणाली, "सर, आपल्यामुळं पापडाचा धंदा चालतोय, का पापडामुळं आपला?" डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं. वैद्यकशास्त्राच्या माणसाला काही प्रश्न वरच्या वर सोडून द्यावे लागतात.

त्या उन्हाळ्यातल्या एका दुपारची गोष्ट. तपासणीच्या खोलीची खिडकी अंगणात उघडायची आणि डॉक्टर तिथं हात धूत होते. बाकावर दोन माणसं होती. एक ताठ बसलेले, पांढऱ्या मिशांचे, भर उन्हात कानाभोवती मफलर आवळलेले. ते निवृत्त सुभेदार गुंडा ढाणे, कराडलगतच्या मलकापूरचे ऊस बागायतदार. कराडला गल्लोगल्ली ओळख निघेल म्हणून मुद्दाम साताऱ्याला आलेले. दुसरा तिशीतला, डोक्यावर काळं हेल्मेट, काच पाडलेली. दोघांच्या मध्ये एक माणूस मावेल एवढी सभ्य जागा होती. बायका पाठ करून बसल्या होत्या.

ऊन फार होतं म्हणून विजयमालाकाकींनी, मान तशीच वळवून ठेवून, पाण्याचे दोन तांबे सरकवले. हेल्मेटवाल्यानं पाणी प्यायला काच वर केली. सुभेदारांनी प्यायला मफलर खाली ओढला. तांबे दोघांच्याही तोंडाला लागले आणि तसेच थांबले.

"पावणं?" सुभेदार म्हणाले.

"मामा?" हेल्मेट म्हणालं.

तो त्यांचा जावई होता. विट्याचा ऋषिराज. त्याचं मदुराईला सोनं गाळायचं दुकान होतं आणि तो सध्या गावी आलेला होता.

लाटणी आधीच बंद होती, आता बांगड्याही वाजेनात.

"पापड न्यायला आलतो," सुभेदार म्हणाले. "मलकापुरात आसलं मिळत न्हाईत."

"मीबी. आईनं सांगितलं हुतं."

"हेल्मेट घालून?"

"ऊन लय हाय, मामा."

"किती देऊ?" विजयमालाकाकींनी पाठमोरं विचारलं. त्यांचा नाइलाज होता. धंदा म्हटल्यावर विचारावंच लागतं. सुभेदारांनी दोन किलो सांगितले. सासऱ्यापेक्षा कमी घेणं बरं दिसणार नाही म्हणून जावयानं तीन सांगितले. मग सुभेदारांनी सांडगेही मागितले. थोड्या वेळात दोघांच्या मांडीवर पिशव्यांचे ढीग झाले, आणि खरेदी झाल्यावर माणसं घरी जातात हे दोघांनाही माहीत असून कुणीच उठेना. दुसरा आधी जाईल म्हणून दोघं शेवग्याच्या शेंगा बघत बसले.

खिडकीत उभ्या असलेल्या डॉक्टरांनी नळ बंद केला. आपण हे ऐकणं बरोबर नाही असं त्यांना वाटत होतं, पण आता हललं तर आवाज होईल असंही वाटत होतं.

"पावणं," सुभेदार शेवटी म्हणाले, आणि त्यांचा आवाज बदलला होता, "तुमच्या घरात माझ्या संयोगिताला काय काय बोलत्यात ते मला म्हाईत हाय. ती सांगत न्हाई. पण फोनवर तिचा आवाज मला कळतो."

ऋषिराजनं मान खाली घातली. हेल्मेटमुळं ती जरा जास्तच खाली गेली.

"सांगलीला तिच्या तपासण्या झाल्या. सुया टोचून टोचून पोरगी काळी पडली. तिच्यात काय दोष न्हाई म्हणून डाक्टरनं सांगितलं. तरी तुमची आई तिलाच बोलती. मग तुमची तपासणी झाली का कवा?"

"न्हाई, मामा."

"का न्हाई?"

"लाज वाटत हुती." त्यानं हेल्मेट काढून मांडीवरच्या पापडांवर ठेवलं. घामानं त्याचे केस कपाळाला चिकटले होते. "ती परवा म्हणाली, तुमी दुसरं लगीन करा, मी काय म्हणणार न्हाई. म्हणून आलोय. घरात कुणाला सांगितलं न्हाई. तिलाबी न्हाई."

सुभेदार त्याच्याकडं बघत राहिले. ज्या घराला ते गेली काही वर्षं मनातल्या मनात गोळ्या घालत होते, त्या घरातला हा पोरगा त्यांच्या शेजारी बसून घाम पुसत होता. त्यांनी मफलर सोडला, नीट चौकोनी घडी घातली, खिशात ठेवला.

"बरं केलंसा," ते म्हणाले. "लय बरं केलंसा. आता पयला नंबर तुमी लावा. माझं म्हातारपणाचं दुखणं हाय, ते थांबंल."

मामाही पापडांसाठी आले नव्हते हे ऋषिराजच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला. मग तो फक्त "व्हय मामा" म्हणाला. पाठमोऱ्या बायकांपैकी कुणीतरी पदरानं नाक पुसलं. डॉक्टरांचे हात केव्हाच वाळले होते, तरी ते टॉवेलला पुसत राहिले.

ऋषिराजच्या तपासणीत दोष निघाला, पण सुधारण्यासारखा निघाला. अंडकोशातल्या शिरा फुगलेल्या होत्या आणि त्यात बारा महिने सोनं गाळायच्या भट्टीपुढची उष्णता. डॉक्टरांनी चित्र काढून समजावून सांगितलं. छोटं ऑपरेशन, भट्टीपासून लांब, आणि मग थांबायचं. "होईलच असं मी म्हणणार नाही," ते म्हणाले. "कुणीच म्हणू नये. पण वाट बंद नाही." ऋषिराजनं ते चित्र घडी करून पाकिटात ठेवलं. "घरी जाऊन पयलं तिला दाखवतो," तो म्हणाला.

मग सुभेदार आत आले. खुर्चीवर बसायच्या आधी त्यांनी दार नीट लागलंय का पाहिलं.

"बोला सुभेदार."

"काय सांगू डाक्टर. हुकूम जातो. तामील हुत न्हाई."

डॉक्टरांनी इतक्या वर्षांत आजाराचं एवढं थोडक्यात वर्णन ऐकलं नव्हतं. "हुकूम ठीक आहे," ते म्हणाले, "रस्ता खराब झालाय. शुगर किती आहे तुमची?" शुगर भलतीच होती. सुभेदारांना साखर आणि या गोष्टीचा काही संबंध असतो हे तोवर कुणी सांगितलंच नव्हतं. पलटणीत डोळे, पाय, हृदय सगळ्यांवर व्याख्यानं झाली होती. ही बाब तेवढी गुलदस्त्यात राहिली होती. त्यांनी गोळ्या, चालणं आणि पथ्य यांची सगळी माहिती उभ्यानं ऐकून घेतली आणि जाताना सलाम ठोकला. बाहेर सासरा-जावई दोन मोटरसायकलींऐवजी एकीवर बसले. दुसरी बोळातच राहिली आणि ती दोन दिवसांनी कुणीतरी येऊन नेली.

सगळं असं रुळावर आलं असताना नगरपालिकेची नोटीस आली. पाहणीसाठी आलेल्या साहेबांना आपत्कालीन दार रोजच्या येण्याजाण्यासाठी वापरलं जात असल्याचं निदर्शनास आलं होतं. हा अटींचा भंग होता. असं दार फक्त आपत्तीच्या वेळी वापरायचं आणि एरवी बंद ठेवायचं. डॉक्टर धावत बाबूंकडे गेले.

"माझ्या पेशंटच्या दृष्टीनं ती आपत्तीच असते," ते म्हणाले.

"मला पटतं," बाबू म्हणाले, कारण त्यांच्या मित्राला चांगला गुण आला होता. "पण तसं लिहून देता येत नाही."

दाराला आतून कडी लागली. कडीवर काच बसली, काचेशेजारी ती फोडायची हातोडी. वर हिरवा दिवा मात्र जळत राहिला, कारण दार बंद असलं तरी तो चालू ठेवायचा नियम होता. डॉक्टर त्या दिवशी संध्याकाळी खुर्चीत बसून राहिले. आपण इतकी वर्षं शिकलो, घर सोडून मिरजेत रात्री जागवल्या, आणि शेवटी आपलं सगळं ज्ञान एका कडीवर अडलं, असं काहीसं त्यांच्या मनात येत होतं. आपल्या तक्रारीमुळंच हे झालं असा संशय येऊ नये म्हणून मधुशेठ स्वतः चहा घेऊन आले आणि म्हणाले, "आईशपथ मी नाही हो." डॉक्टरांना ते माहीत होतं. दोघांनी मिळून चहा घेतला. मधुशेठ त्या दिवसापासून पुन्हा तोंडानं बोलू लागले.

पुढचा सोमवार उजाडला तो जीपच्या हॉर्ननं. पुढच्या दारासमोर, रिक्षावाल्यांच्या डोळ्यांदेखत, मलकापूरची एक जीप थांबली आणि तिच्यातून सुभेदार ढाणे उतरले. मफलर नाही, टोपी नाही. मागोमाग त्यांच्या माजी सैनिक संघटनेतली माणसं उतरली, एकेक करून, खाली बघत.

"लाईनीत चला," सुभेदार म्हणाले. "युद्धात तोंड लपवलं न्हाई, हितं काय लपवायचं. आजार हाय, चोरी न्हाई."

ती माणसं मधुशेठांच्या दुकानासमोरून सरळ दवाखान्यात शिरली. रिक्षावाले बघत होते. मग काही वेळानं त्यांतलाच एक जण रिक्षा लावून सहज आल्यासारखा रांगेच्या शेवटी येऊन उभा राहिला, आणि रांगेत उभं राहिल्यावर काही जगबुडी होत नाही हे बाकीच्यांनी पाहिलं. डॉक्टरांना आता दिवसभर मान वर करायला फुरसत मिळेना. सांगलीची माणसं सांगलीत आणि साताऱ्याची साताऱ्यात दाखवू लागली. मागं विजयमालाकाकींच्या अंगणातली सुतळी निघाली, बायका सरळ तोंड करून पापड लाटू लागल्या. गिऱ्हाईक थोडं कमी झालं, पण राहिलेलं खरोखरच पापडांसाठी येत होतं.

ऋषिराजचं ऑपरेशन झालं. तो दुकानात भट्टीला माणूस ठेवून स्वतः गल्ल्यावर बसू लागला. नंतर त्याची खबर नव्हती. सुभेदार तपासणीला यायचे, स्वतःची शुगर सांगायचे आणि जावयाबद्दल काही बोलायचे नाहीत. डॉक्टरही विचारायचे नाहीत.

थंडी संपत आली होती. दवाखान्यात पुरुषांची गर्दी होती, आणि दारातून एक बाई आत आली. नऊवारी, कपाळावर मोठं कुंकू, हातात कापडी पिशवी. मागं एक उंच, लाजेनं अर्धा झालेला तरुण. बाकावरची माणसं एकदम आक्रसली. कुणी वर्तमानपत्र उघडलं, कुणी मोबाईल कानाला लावला. बाई दारातच उभी राहून पाटी मोठ्यानं, अक्षर अक्षर लावून वाचायला लागली. पूर्ण वाचून झाल्यावर ती "हितंच" म्हणाली, आणि दोन पुरुषांच्या मध्ये बसली.

नंबर लागल्यावर ती डॉक्टरांपुढं येऊन बसली. तरुण मागं भिंतीला टेकून उभा राहिला.

"मी हरणाबाई. विट्याची. ऋषिराजची आई."

डॉक्टर सावरून बसले. ही बाई कडक आहे असं ऋषिराजनं सांगितलं होतं. तिच्या मुलाचं ऑपरेशन तिला न सांगता झालं होतं हेही त्यांना माहीत होतं. आता काय ऐकावं लागेल याची त्यांनी मनाशी तयारी केली.

"सुनंला पाचवा लागलाय," हरणाबाई म्हणाल्या.

"अरे वा. फार छान झालं."

"व्हय." त्या टेबलावरच्या पेनांकडे बघत राहिल्या. "ऋषिराजनं सगळं सांगितलं मला. तिला मी लय बोललेय, डाक्टर. ते चुकलं, आसं माझं मी तिला म्हटलंय. तुमाला त्येचं सांगायला आले न्हाई. ह्येच्यासाठी आलेय." त्यांनी मान न वळवता मागं अंगठा केला. "ह्यो शिवतेज. धाकला. ह्येचं लगीन ठरतंय, पोरगी सांगलीची हाय. आधी ह्येला बघा. काय आसंल तर आत्ताच कळू द्या. परत एका पोरीला माझ्या तोंडनं बोल लागायला नगो."

"आई, हळू बोल की," शिवतेज कळवळून म्हणाला. "भाईर सगळ्यांस्नी ऐकू जातंय."

"जाऊ दे. त्येंच्याबी घरात सुना असत्याल."

बाहेर इतकी शांतता झाली की वर्तमानपत्राचं पान उलटल्याचा आवाज आला. डॉक्टरांनी शिवतेजला बसायला सांगितलं आणि हरणाबाईंना थोडा वेळ बाहेर थांबायची विनंती केली. आई असली तरी तपासणीच्या वेळी बाहेर थांबायचं, हा नियम होता. त्यांना तो नियम पसंत पडला नाही, पण त्या उठल्या.

शिवतेज ठणठणीत निघाला. रिपोर्ट आल्यावर हरणाबाई पुन्हा आल्या.

"मग सांगलीच्या लोकांना तसं सांगता न्हवं?"

"मी सांगू शकत नाही, बाई. पेशंटचं कुणाला सांगायचं नाही असा आमचा नियम आहे."

"तुमचा नियम तुमी पाळा," हरणाबाई उठत म्हणाल्या. "मी सांगते."

त्यांनी सांगितलं. सांगलीत सोयऱ्यांना सांगितलं, विट्यात भावकीला सांगितलं, हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना सांगितलं. शेवटी अशी वेळ आली की स्थळ बघायला गेलं की मुलीकडची एखादी मावशी पोह्यांची बशी पुढं करत विचारू लागली, "मुलाला मोघ्यांना दाखवून आणलंय ना?"

त्या लग्नसराईत दवाखान्याच्या बाकावर आया येऊन बसल्या. मुलं त्यांच्या शेजारी, आणि बाप बाहेर रिक्षावाल्यांशी हवापाण्याच्या गप्पा मारत. एके दिवशी वाईहून प्रमोदिनीबाई आल्या. त्या बाकावर जागा मिळेपर्यंत उभ्या राहिल्या. शेजारच्या बाईनं सरकून जागा दिली आणि विचारलं, "तुमचा कोण हाय आत?"

"डॉक्टर," प्रमोदिनीबाई म्हणाल्या. "डॉक्टर माझा आहे."